समदुःखाचा जामीन

बँकेत कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही दोन जामीनदार आणायला सांगायचो. जामीनदाराचा पगाराचा दाखला बघायचा, त्याच्या स्वतःच्या नावावर थकबाकी नाही ना याची खात्री करायची आणि मगच फॉर्मवर सही घ्यायची. ज्याचे स्वतःचेच हप्ते थकलेत त्याने दुसऱ्याचा जामीन राहायचं नाही, असा नियम. नियम रास्तच आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण बुडत्याला बुडत्याचा आधार असं कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.

या नियमाला एक अपवाद मी नोकरीत असतानाच पाहिला. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायची योजना सुरू केली. पुढे काही वर्षांनी असे गट आमच्याही शाखेत यायला लागले. दहा-पंधरा बायका, कोणाच्या नावावर जमीन नाही, दागिना नाही, पगाराचा दाखला तर नाहीच. तारण काय, तर एकमेकींची ओळख. आमच्यातले काही जण सुरुवातीला हसायचे. पण वसुली बघितली तर चांगल्या बागायतदारांपेक्षा त्या बायकांची बरी असायची. एकीचा हप्ता चुकायला लागला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसायच्या. त्यात थोडा धाकही असायचा, हेही सांगायला हवं. सगळं काही गोडीगुलाबीने चालायचं असं नाही.

मला वाचकांपुढे ठेवायचा आहे तो प्रश्न असा. ज्याच्या स्वतःच्याच पायाखालची जमीन सरकली आहे त्याने दुसऱ्याला धीर द्यावा का? त्याला तो देता येतो का? आणि दिला तर तो खरा की मनाची समजूत? प्रश्न पुस्तकी नाही. गेली काही वर्षं मी तो आमच्या घरातच बघतो आहे.

माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०१८ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. तपासणीचा कागद आला त्यावर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असं लिहिलेलं होतं. तिच्या सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. निगेटिव्ह म्हणजे काही नाही, आणि इथे तर तीन-तीनदा नाही, असाच त्यांचा समज झाला. त्यात त्यांचं काय चुकलं? आपण एरवी रक्त-लघवीचे रिपोर्ट असेच वाचतो.

जे मला डॉक्टरांकडून समजलं ते साध्या भाषेत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी तपासताना तीन गोष्टी बघतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांना धरणाऱ्या जागा पेशीत आहेत का, आणि हर-टू नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात आहे का. यांपैकी काही असलं तर औषधाला पकडायला काहीतरी सापडतं. पहिल्या दोन जागा असल्या तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घेता येते. हर-टू असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध देता येतं. तिन्ही नसलं की हे दोन्ही रस्ते बंद. मग मुख्य भिस्त केमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनवर. अलीकडे काही नवी औषधं आली आहेत, पण त्यातल्या काहींची किंमत ऐकली तर मध्यमवर्गीय माणूस खुर्चीतच बसून राहील.

हा प्रकार तुलनेने तरुण बायकांत जास्त दिसतो. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरच्या १०० बायकांत १० ते १५ जणींना हा असतो, आपल्याकडे हे प्रमाण २५ ते ३० च्या आसपास सांगतात. काहींच्या बाबतीत बीआरसीए-वन नावाच्या जनुकातला दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. याची चालही वेगळी. आजार उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत जास्त, आणि पाच वर्षं निभावली की तो पुष्कळ उतरतो. म्हणजे या बायकांचं कॅलेंडरच निराळं असतं. घरी भेटायला येणारी मंडळी सांगायची, ‘आमच्या वहिनींनाही झाला होता, वीस वर्षं झाली, रोज एक गोळी घेतात, एकदम ठणठणीत.’ भाची ऐकून घ्यायची. तिच्यासाठी ती गोळीच नव्हती. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, पण त्याने दिलेला दिलासा दुसऱ्याच कोणाच्या पत्त्यावरचा होता.

केमोच्या दिवशी मी तिच्याबरोबर जात असे. जावईबापूंना प्रत्येक वेळी रजा मिळायची नाही, आणि मी निवृत्त. डे केअरच्या त्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक बाटली. तिथे तिची चार जणींशी ओळख झाली. एक इचलकरंजीची, नवरा यंत्रमागावर कामाला. एक निपाणीची, घरची तंबाखूची शेती. एक मिरजेची नर्स, जिने आयुष्यभर दुसऱ्यांना सुया टोचल्या. आणि सगळ्यांत लहान जतकडची, वय ३१, मुलगा दोन वर्षांचा. चौघींच्या कागदावर तेच दोन शब्द. हॉलमध्ये इतर कॅन्सरच्या पुष्कळ बायका होत्या, पण या पाच जणी कशा कोण जाणे एकमेकींना सापडल्या. बहुधा नर्सबाईंनीच फाइली बघितल्या असाव्यात.

त्या काय बोलायच्या हे मी बाजूला बसून ऐकलेलं आहे. त्यात अध्यात्म फार कमी. लाल रंगाचं औषध चढवलं की दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते, घाबरू नकोस. ते औषध जात असताना बर्फाचा खडा तोंडात धर, तोंड कमी येतं. केस गळायच्या आधीच बारीक कापून टाक, नाहीतर उशीवर पुंजके बघून जास्त रडू येतं. पांढऱ्या पेशींसाठी इंजेक्शन घेतलं की हाडं ठणकतात, ते आजाराचं दुखणं नव्हे. तोंडाला धातूची चव येते तेव्हा स्टीलचा चमचा बाजूला ठेव, लाकडी घे. नाचणीची आंबील कोमट घे, कढत नको. नंतरच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, तेव्हा शर्टाची बटणं लावायला मुलाला सांग, त्याला गंमत वाटते. महात्मा फुले योजनेत बसवायला रेशन कार्डाची कुठली प्रत लागते, हे इचलकरंजीच्या बाईंना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं, आणि मी जन्मभर फॉर्म भरून घेतलेला माणूस!

हे ज्ञान डॉक्टरांकडेही असतं, पण डॉक्टर सांगतात तेव्हा ती सूचना असते. हातात तीच सुई असलेली बाई सांगते तेव्हा ऐकणारीला कळतं की हे भोगून माणूस पुढच्या खुर्चीवर बसून चहा पिऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दुःख वाटून घेतल्याने कमी होतं असं आपण सहज म्हणतो. मला हे गणित कधी पटलेलं नाही. पाच जणी एकत्र आल्या तर पाच दुःखं एकत्र येतात. प्रत्येकीच्या वाट्याला स्वतःची एक भीती होती, आता पाच झाल्या. कोणाचाही स्कॅन असला की पाचही घरांत जेवण जात नाही. हिशेबाने बघितलं तर हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. तरी त्या तो सोडत नाहीत. का?

मला जे दिसलं ते असं. घरात आजारी बाई आली की आपण तिच्याकडून सगळं काढून घेतो. ‘तू फक्त आराम कर.’ चांगल्या मनानेच म्हणतो. तिच्या हातातली पोळपाट-लाटणी जातात, मुलांचा अभ्यास जातो, सणावाराचं ठरवणं जातं, पैशाचं तिला सांगायचं नसतं. तिच्याकडे सगळे येतात ते द्यायला. फळं देतात, अंगारा देतात, सल्ला देतात. तिच्याकडे मागायला कोणी येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तिची पत संपते. पत म्हणजे नुसते पैसे नव्हेत, या माणसाच्या शब्दावर दुसरा काहीतरी करील हा भरवसा. त्या हॉलमध्ये मात्र जतच्या मुलीने माझ्या भाचीला विचारलं, ‘ताई, तिसऱ्या केमोनंतर मला उभंच राहता येईना, तुम्ही काय केलं?’ त्या दिवशी घरी येताना गाडीत भाची बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलत होती. काय बोलत होती, तर त्या मुलीच्या सासूला कसं समजवायचं याबद्दल. शिक्षिकाच ती.

आपल्या वाचकांना गुरुचरित्राचा तेरावा आणि चौदावा अध्याय तोंडपाठ असतील. पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला थांबवतात. तेवढ्यात सायंदेव तिथे येतो आणि श्रीगुरू त्याला सांगतात, याला घरी नेऊन जेवू घाल. सायंदेव घाबरतो, कारण ज्याला अन्नच सोसत नाही त्याला अन्न द्यायचं म्हणजे त्याच्या मरणाचं पाप आपल्या माथी यायचं. तरी तो नेतो, पंक्ती होतात, ब्राह्मणाची व्यथा जाते. ही गोष्ट आपण औषध म्हणून, चमत्कार म्हणून ऐकतो. पण पुढच्या अध्यायात काय कळतं? हा यजमान सायंदेव स्वतःच त्या दिवशी मरणाच्या सावलीत होता. ज्या यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत तो होता त्याने त्याला बोलावलं होतं, आणि गेलं की जीव घेणार हे सायंदेवाला माहीत होतं. ते त्याने श्रीगुरूंना सांगितलं ते सगळं आटोपल्यावर, चौदाव्या अध्यायात.

मी अनेक पारायणं केली, पण या क्रमाकडे माझं लक्ष भाचीच्या आजारपणानंतर गेलं. त्या नदीकाठी एखादा निश्चिंत, खाऊनपिऊन सुखी गृहस्थ श्रीगुरूंना सापडला नसता असं थोडंच आहे? मरायला निघालेल्या माणसाला त्यांनी सोपवलं ते ज्याला त्याच दिवशी मरणाचं बोलावणं आलेलं आहे अशा माणसाकडे. आणि सायंदेवाचं संकट आधी निवारून मग त्याला कामाला लावलं असंही नाही. आधी काम दिलं. यजमान केलं. मोठे लोक याचा अर्थ आणखी खोल सांगतील, मी कारकून माणूस आहे. मला एवढं दिसतं की ज्याची पत गेली आहे असं स्वतः सायंदेवालाही वाटत असेल, त्याच्याकडे श्रीगुरूंनी काहीतरी मागितलं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दत्तसंप्रदायातूनच येईल. आमच्या सत्संगात एका जाणत्या गृहस्थांनी तो घेतलाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, नाथांनी त्यावर विस्तार केला. त्यांतला एक कपोत, जो पिलांच्या आणि कबुतरीच्या मोहापायी जाळ्यात सापडला. दुसरी ती कुमारी. घरात कोणी नाही, पाहुणे आलेले, ती साळी कांडायला बसते आणि हातातली कांकणं वाजतात. म्हणून ती एकेक करून काढते. दोन राहिली तरी वाजतात, एक राहिल्यावर आवाज थांबतो. अवधूत त्यावरून एकांत शिकला. गृहस्थ म्हणाले, ‘ज्यांचं आयुष्य मोजकं आहे त्यांनी नवे पाश कशाला वाढवायचे? नामस्मरण करावं, एकटं राहावं.’

आक्षेप हलका नाही. पण या कथेत एक बारकावा आहे. ती कुमारी कांकणं का काढते? घरात कांडून ठेवलेले तांदूळसुद्धा नाहीत हे पाहुण्यांना कळू नये म्हणून. अवधूताने त्यातून साधकाचा एकांत घेतला, तो त्याचा अधिकार. मला मात्र त्या पोरीची लाजही दिसते. आपल्या घरांतून जी शांतता असते ती पुष्कळदा अवधूताची नसते, त्या मुलीची असते. आजार झाकायचा. शेजारी कळू द्यायचं नाही. या आजारात वंशाचा भाग असू शकतो म्हणून तर जास्तच, कारण घरात मुलगी असते, पुतणी असते, त्यांची लग्नं व्हायची असतात. निपाणीच्या बाईंच्या घरी आठ महिने सांगत होते की गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आहे. ज्या तपासणीने धाकट्या बहिणीचा जीव वाचू शकेल ती तपासणीच मग होत नाही. आणि अवधूत एकांत शिकला तोही चोवीस जणांकडून, त्यात ही कुमारीही आली, हे विसरून कसं चालेल?

कांकणांवरून आठवलं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या बाजूला सुई टोचू नका, रक्तदाब बघू नका, घट्ट बांगड्या घालू नका असं सांगतात. आपल्याकडे एका हातात बांगड्या आणि एक हात मोकळा असलेली सवाष्ण दिसली की हळदीकुंकवात नजरा वळतात. या पाच जणींचा एकमेकींना पहिला प्रश्न असायचा, ‘कोणता हात?’

खरी परीक्षा २०१९ च्या अखेरीस आली. इचलकरंजीच्या बाईंचा आजार फुप्फुसात उलटला. दुसरं वर्ष संपायचं होतं. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्यांच्या नवऱ्याकडून कळलं की त्या म्हणतात, ‘मला बघून बाकीच्या घाबरतील, त्यांना माझं तोंड नको.’ इकडे जतच्या मुलीचे उपचार कमी रक्तामुळे मध्ये थांबून लांबले होते, ती अजून केमोवर होती आणि रोज विचारायची, काकू कशा आहेत? तिला सांगायचं का, यावर तिघींत चांगलंच वाजलं. नर्सबाई म्हणाल्या, तिची केमो संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, ती मध्येच सोडून देईल. भाची म्हणाली, आज लपवलं तर उद्या आपण ‘सगळं बरं आहे’ म्हणू तेव्हा ती कशावर विश्वास ठेवील? घरचे लपवतात म्हणून तर आपण इथे आलो ना?

हा प्रश्न नीतीच्या पुस्तकातला नाही, पण पुस्तकातल्यापेक्षा अवघड आहे. सत्य बोलावं हे खरं, आणि प्रिय नसलेलं सत्य कोणावर आदळू नये हेही खरं. भाचीने मला विचारलं, ‘मामा, तुम्ही काय केलं असतं?’ मी म्हटलं, किती ऐकायचं हे त्या मुलीलाच विचारा. त्यांनी तसं विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘त्या आहेत ना? तेवढं सांगा. बाकीचं माझी शेवटची बाटली झाल्यावर.’ ३१-३२ वर्षांच्या पोरीला एवढी समज कुठून आली असेल, मला अजून नवल वाटतं.

मग तिघी इचलकरंजीला गेल्या, न विचारता. जाताना मी गाडी चालवायला होतो. तिथे कोणी धीराचं एक वाक्य बोललं नाही. मेथीची जुडी पडली होती ती निवडली, औषधांच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावल्या, मुलाच्या दहावीच्या फॉर्मचं बघितलं. निघताना त्या बाईंनीच विचारलं, ‘पोरीची नखं काळी पडली का? तिला म्हणावं, माझीही पडली होती, परत येतात.’ फेब्रुवारी २०२० मध्ये त्या गेल्या. जतच्या मुलीची शेवटची केमो त्याआधी दोन आठवडे झाली होती. तिला त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं आणि ती त्यांना भेटूनही आली.

मग या आधाराने आयुष्य वाढतं का? व्याज किती पडलं, असं विचारायची आमची सवय. याचा शोध घेतला गेला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ बायकांचा अभ्यास केला. काही जणींना दर आठवड्याला एकत्र बसवलं, काहींना नेहमीचे उपचार तेवढे दिले. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की एकत्र बसणाऱ्या बायका सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि दुसऱ्या १८.९ महिने. दुप्पट! जगभर गाजावाजा झाला. पण २००१ साली कॅनडात २३५ बायकांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास मात्र कमी झाला आणि दुखणंही कमी जाणवलं, विशेषतः ज्यांना ते आधी जास्त होतं त्यांना. पुढे २००७ साली स्पीगल यांनी स्वतःच पुन्हा १२५ बायकांवर करून पाहिलं आणि एकंदरीत आयुष्य वाढत नाही हे स्वतःच छापलं. ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेनची जागा नव्हती अशा थोड्या बायकांत तेवढा फरक दिसला, पण मूठभर आकड्यांवर इमला बांधू नये. स्वतःचाच गाजलेला ताळेबंद पुन्हा तपासून ‘जमत नाही’ असं लिहिणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो.

तेव्हा हे स्वच्छ सांगायला हवं, की हा आधार म्हणजे औषध नव्हे. एकत्र बसण्याने गाठ विरत नाही. उलट एकत्र बसण्यात धोकेही आहेत. कोणीतरी ऐकीव गोष्ट आणते, साखर पूर्ण बंद करा, अमुक मुळी घ्या, आणि ती पाच घरांत पसरते. निपाणीच्या बाई तिसऱ्या केमोनंतर सगळं सोडून एका वैदूकडे निघाल्या होत्या. नर्सबाईंनी त्यांना स्टँडवरून परत आणलं, जवळजवळ हाताला धरून. बचत गटातला तो धाक इथेही उपयोगी पडला. पण नर्सबाई नसत्या तर पाचही जणी वैदूकडे गेल्या असत्या, हेही शक्य होतं. गट आपोआप शहाणा होत नाही.

आणि आयुष्य वाढत नसेल तर मग हे सगळं कशासाठी? हा प्रश्न मला निरोगी माणसाचा वाटतो. आपण सगळेच मरणार आहोत म्हणून आपण पंक्तीला बसायचं थांबवतो का? इचलकरंजीच्या बाईंना शेवटच्या दोन महिन्यांत जे मिळालं ते महिन्यांत मोजता येणार नाही. त्या अखेरपर्यंत कोणाला तरी नखांबद्दल सांगू शकत होत्या.

येणाऱ्याजाणाऱ्यांच्या आणखी एका वाक्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण ते आपल्यासारख्या भाविक घरांतच जास्त ऐकू येतं. ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.’ कर्मसिद्धान्तावर माझी श्रद्धा आहे. पण तो सिद्धान्त स्वतःकडे बघायला दिलेला आहे, दुसऱ्याच्या पलंगापाशी बसून त्याचं खातं उघडायला नाही. बँकेत दुसऱ्याच्या खात्याची चौकशी करणाऱ्याला आम्ही हाकलून देत असू. या पाच जणींच्या बोलण्यात ‘मलाच का’ हा प्रश्न यायचा, नाही असं नाही. पण तिथे त्याला उत्तर कोणी द्यायचं नाही. बाजूच्या खुर्चीवरही तोच प्रश्न बसलेला असायचा, त्यामुळे उत्तराची गरजही तेवढी भासायची नाही. निपाणीच्या बाईंची पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ते कोणाला सांगितलंच नाही. मागे राहिलेल्याला लाज वाटते, आपणच का वाचलो म्हणून. ‘मलाच का’ या प्रश्नाची ती दुसरी बाजू. भाचीने तारीख बरोबर लक्षात ठेवली होती, तिने पेढे नेले. आधी एक पेढा इचलकरंजीला पोचवला, मग बाकीचे.

नवऱ्यांचं मात्र मला वाईट वाटलं. बाहेरच्या बाकावर आम्ही पुरुष बसायचो. पार्किंग, पाऊस, मॅच, बिलाची रक्कम. एवढ्यावर दोन वर्षं काढली. आत त्यांच्या बायका एकमेकींच्या डोक्यावरचे रुमाल बांधून देत होत्या आणि बाहेर तोच आजार घरात असलेले चार पुरुष एकमेकांना फार तर चहा विचारत होते. बाईच्या जातीला बोलायची सवय असते असं म्हणून हे सोडून देता येणार नाही. इचलकरंजीचे ते गृहस्थ बायको गेल्यावर एकटेच पडले. मी अधूनमधून फोन करतो. ते ‘बरं आहे’ म्हणतात, मीही ‘बरं’ म्हणतो.

हा लेख आपल्या वार्षिकात देण्याचं एक व्यवहारी कारणही आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथे खोलीबरोबर शेजार मिळतो, हे तिथे राहून आलेले सांगतात. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र खेड्यातून येणाऱ्या बाईला रेडिएशनसाठी तीन ते पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज एसटीने यावं लागतं. मशीनखाली काही मिनिटं, प्रवास चार-पाच तास. जतची मुलगी तसं करत होती. आपल्या भक्तनिवासातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या उत्सवाचे दिवस सोडले तर बहुधा रिकाम्या असतात. तिथे एका वेळी तीन-चार जणींची सोय होईल, दुपारचा प्रसाद आहेच. त्या एकमेकींना भेटल्या की पुढचं त्यांचं त्या बघतील, आपण प्रवचन द्यायची गरज नाही.

विश्वस्त मंडळाकडे मी खर्चाच्या अंदाजासह अर्ज दिला आहे. एका सभासदांनी विचारलं, केस गेलेल्या, आजारी बायका आवारात दिसल्या तर भाविकांचं मन खट्टू होणार नाही का? मी त्यांना तेराव्या अध्यायातल्या पंक्तीत कोण बसलं होतं याची आठवण दिली. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. दोन्ही खोल्यांत कमोड बसवावा लागेल आणि गरम पाण्याचा नळ आतपर्यंत आणावा लागेल. बैठक पौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे.